शेजारचा खड्डा, नापास ठोकळे आणि विम्याची पॉलिसी
मोठ्या गृहप्रकल्पांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कुंपणभिंतीपलीकडे दोन तळघरांसाठी सुमारे 8 मीटर खोल खोदकाम चालू आहे. भिंतीला तडे गेलेत. बिल्डर म्हणतो, ‘प्लास्टरचे आहेत.’ पाऊस तोंडावर आलाय. काय मागावं?
– सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : तड्यावरचं प्लास्टर वीतभर खरवडा. तडा विटेत उतरला असेल तर तो प्लास्टरचा नाही. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली, तर हालचाल चालू आहे.

भिंतीपेक्षा जमीन जास्त बोलते. तुमच्या बाजूला, खड्ड्याला समांतर अशी फट फरशीत किंवा मातीत दिसली, तर माती खड्ड्याकडे सरकायला लागली आहे. ही फट त्याच दिवशी बुजवा आणि वर ताडपत्री टाका. 3 मीटर खोल फटीत पाणी भरलं, तर दर धावत्या मीटरला साधारण साडेचार टनांचा आडवा रेटा येतो. फट दुप्पट खोल झाली की रेटा चौपट. पुण्याकडचा मुरूम कोरडा असताना सरळ उभा राहतो आणि त्यामुळेच फसवतो. वर जुना भराव असेल तर विचारूच नका. कोंढव्यात 29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर पावसात सोसायटीची कुंपणभिंत खालच्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. म्हणून लेखी मागणीत पहिली ओळ ही असू द्या : खड्ड्याच्या कडेखाली लेबर कॅम्प नको.

दुसरी मागणी, माती रोखण्याच्या कामाचं भू-तंत्रज्ञाच्या सहीचं डिझाइन. त्यात तुमच्या पार्किंगचा भार धरलाय का, ते पाहा. बहुतेक वेळा फक्त मातीचा रेटा धरलेला असतो. काम पुरं होईपर्यंत कडेपासून किमान खोलीइतक्या, म्हणजे 8 मीटरच्या पट्ट्यात गाड्या लावू नका. खोदलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा निम्मी खोली, यातलं जे जास्त असेल तितकी लांब हवी. इथे 4 मीटर.

तिसरं, भिंतीवर दर 5-10 मीटरवर मोजणीच्या खुणा, आणि पावसात रोज मोजणी. किती मिलिमीटरला सल्लागाराला बोलवायचं आणि किती मिलिमीटरला काम थांबवून भिंतीच्या पायथ्याशी भराव परत टाकायचा, हे दोन आकडे सल्लागाराने आधीच लिहून द्यायचे. त्यासाठी मुरूम साइटवरच साठवलेला हवा. रात्री दोन वाजता डंपर मिळत नाही.

आणि आपलंही घर तपासा. कुंपणालगतचा गळका ड्रेनेज चेंबर किंवा पावसाचं पाणी जिरवायचा शोषखड्डा तुमचाच असेल, तर बिल्डरला दिलेलं पत्र लंगडं पडतं.

प्रश्न : सहाव्या मजल्याच्या कॉलमचं काँक्रीट एम 30 (28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन ताकद) होतं. 28 दिवसांच्या चाचणी-ठोकळ्यांची सरासरी ताकद 24 आली. आता दहाव्या स्लॅबची तयारी चालू आहे.
– साइट इंजिनिअर, ठाणे

उत्तर : स्लॅब थांबवा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम 30 चा एकही नमुना 27 च्या खाली चालत नाही. आधी ठोकळ्यांचाच संशय घ्या : पाण्यात बुडवून ठेवले होते की उन्हात पडले होते, मशीनचं कॅलिब्रेशन कधीचं आहे. एका नमुन्याच्या तीन ठोकळ्यांपैकी कुठलाही सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर तो नमुनाच बाद.

ठोकळे निर्दोष निघाले, तर कॉलममधून किमान तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढा. सळई शोधणाऱ्या यंत्राने जागा आखूनच. कॉलमची सळई कापणं म्हणजे नवा रोग. ठोकळ्याच्या ताकदीत रूपांतर केल्यावर कोअरची सरासरी 85 टक्के, म्हणजे 25.5 हवी, आणि एकही 75 टक्क्यांखाली, म्हणजे 22.5 च्या खाली नको. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा कडकपणा मोजणारं यंत्र) कुठला कॉलम कमकुवत ते शोधायला ठीक. त्यावर निकाल देऊ नका. कोअरही नापास झाले, तर आरसीसी कन्सल्टंटने प्रत्यक्ष ताकद धरून फेरगणित करायचं आणि गरज असेल तिथे जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती जादा वेष्टण.

खरी गोची वेळापत्रकात आहे. आठ दिवसांना एक स्लॅब पडतो, तेव्हा 28 दिवसांचा निकाल येईपर्यंत डोक्यावर तीन मजले चढलेले असतात. म्हणून 7 दिवसांच्या ठोकळ्यांवर नजर ठेवा. नेहमीच्या सिमेंटला तोवर साधारण दोन-तृतीयांश ताकद यायला हवी. फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेली असेल तर थोडी कमी, आणि ती किती, हे मिक्स डिझाइनच्या चाचण्यांतून आधी काढून ठेवायचं. शिवाय ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप घालणाऱ्या मुकादमाला आवरा. काँक्रीट घट्ट झालं असेल तर प्लांटच्या माणसाकडून ॲडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन), नाहीतर गाडी परत.

प्रश्न : पुनर्विकासात बिल्डर म्हणतो, ‘सगळ्याचा विमा आहे, निश्चिंत राहा.’ राहावं का?
– कमिटी सदस्य, मुंबई

उत्तर : पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, नुसतं प्रमाणपत्र नको. ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ हे नाव मोठं आहे, पण तृतीय पक्षाचं नुकसान आणि कंपनामुळे किंवा आधार काढल्यामुळे शेजारच्या इमारतीला होणारी इजा, ही कलमं वेगळी जोडून घ्यावी लागतात. दुसऱ्या कलमात सहसा इमारत अंशतः तरी कोसळल्यावरच भरपाई असते, वरवरच्या तड्यांना नाही. आणि काम सुरू होण्यापूर्वीचा शेजारच्या इमारतीचा पाहणी अहवालही लागतो. पॉलिसीची शेवटची तारीख पाहा. काम लांबलं आणि मुदतवाढ घेतली नाही, तर पॉलिसी म्हणजे रद्दी.

बिल्डरचे पैसे संपणं या विम्यात येत नाही. त्यासाठी राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या पुनर्विकास निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्क्यांच्या बँक गॅरंटीची तरतूद आहे. तिचीही मुदत संपते. संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरण झालं नाही, तर ती वठवण्याचा हक्क करारातच लिहून घ्या. ताब्यानंतरच्या बांधकाम दोषांना रेरा कायद्याचं कलम 14 लागू होतं : पाच वर्षांत कळवलेला दोष बिल्डरने 30 दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करायचा.