मालवणच्या पाण्यात कुठला स्ट्रोब?

प्रश्न: माझ्याकडे ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारी पेटी) आहे. मागच्या डिसेंबरात मालवणला डाइव्ह केले, फोटो सगळे हिरवट आले आणि फ्लॅश मारला की पांढरे ठिपकेच ठिपके, मासा त्यात शोधावा लागतो. फोर्टमधला दुकानदार म्हणतो सगळ्यात पॉवरफुल स्ट्रोब (पाण्याखाली कॅमेऱ्याबाहेर लावायचा फ्लॅश) घ्या, बरोबरचा मित्र म्हणतो व्हिडिओ लाइटनेच काम भागेल. बजेट एकाच वस्तूचं आहे, काय घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: स्ट्रोबच घ्या, पण मधल्या ताकदीचा, आणि वाचलेले पैसे चांगल्या आर्मवर (स्ट्रोब धरणाऱ्या दांड्यावर) घाला. मालवणला फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेड चुकीच्या जागेवरून आल्यामुळे.

ते ठिपके म्हणजे बॅकस्कॅटर. पाण्यात गाळ आणि प्लँक्टन तरंगत असतं, कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे लेन्स आणि माशाच्या मधला एकेक कण तो उजळवतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात गाडीचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत दिसते ना, अगदी तसंच. तिथेच जास्त पॉवरचा स्ट्रोब लावलात तर भिंत अजून पांढरी होणार. म्हणून आर्म लावून स्ट्रोब बाजूला न्यायचा, पोर्टच्या (हाउसिंगवरच्या लेन्ससमोरच्या काचेच्या) जरासा मागे ठेवायचा आणि तोंड किंचित बाहेर वळवायचं, म्हणजे झोताची फक्त कड माशावर पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. स्ट्रोबला सिग्नल ऑप्टिक केबलने आतल्या फ्लॅशकडूनच जातो, तेव्हा तो फ्लॅश बाहेरून काळ्या टेपने झाका, उजेड फक्त केबलमध्ये जायला हवा. हे बरेच जण विसरतात.

सराव घरीच करा. रात्री खोलीत अंधार करून अगरबत्ती लावा, स्ट्रोबच्या जागी टॉर्च बांधा, धुरात झोताची कड स्पष्ट दिसते आणि कुठल्या अँगलला तो लेन्ससमोर घुसतो ते कळतं. मी हे एका संध्याकाळी केलं आणि त्या एका संध्याकाळीच मला वर्षभराच्या वाचनापेक्षा जास्त कळलं.

आता हिरवटपणा. लाल रंग पहिल्या ५-७ मीटरमध्येच पाणी खाऊन टाकतं. स्ट्रोब तो परत आणतो पण जवळूनच, कारण तुम्ही माशापासून १ मीटरवर असाल तर उजेडाला जाऊन-येऊन २ मीटर पाणी कापावं लागतं. गढूळ दिवशी हातभर अंतराच्या आत जा. नाही जाता आलं तर त्या माशाचा नाद सोडा आणि दगडावरचा न्युडीब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) शोधा, त्याच्यासाठी स्ट्रोब पोर्टजवळ आणून वरून मारायचा.

पॉवरचं म्हणाल तर कंपनी गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) सांगते तो सहसा हवेतला असतो, पाण्यात तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. इनॉन झेड-३३० चा ३३ आहे, वाइड अँगलसाठी आणि लक्षद्वीप-अंदमानच्या स्वच्छ पाण्यासाठी तो छान, पण तुमच्या जवळच्या फोटोंना २०-२२ भरपूर झाला. त्याऐवजी बीम किती रुंद आहे, डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) मिळतो का, पॉवर हाताने कमी-जास्त करता येते का हे विचारा. कॅमेरा आणि हाउसिंग दुकानात घेऊन जा आणि सलग १० फ्लॅश मारून बघा, एखादा चुकला तर विचार बदला.

व्हिडिओ लाइट वाईट नाही हो, पण स्ट्रोबच्या एका झटक्याइतका उजेड तो देत नाही, मग शटर स्लो करावं लागतं आणि मासा हलला की फोटो गेला. फोकससाठी छोटा टॉर्च ठेवा.

सेल मात्र रिचार्जेबल एनआयएमएचच वापरा, साध्या अल्कलाइनवर दोन फ्लॅशमधला वेळ वाढत जातो. आणि डाइव्ह भरतीच्या आसपास मिळाला तर बघा, पाणी तेव्हा जरा साफ असतं. दुसरा स्ट्रोब पुढच्या सीझनला, आधी या एकाची जागा हाताला बसू दे.