काळेश्वरमला जाताना सिरोंच्यात थांबण्यासारखं काही आहे का? नागपूरहून दोन दिवसांत होईल का?

थांबण्यासारखं भरपूर आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा माझं गाव. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

काळेश्वरमला, म्हणजे नदीपलीकडच्या तेलंगणातल्या शिवमंदिराला, जरूर जा, एकाच शाळुंकेत दोन लिंगं दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाहीत. पण गोदावरीचा पूल ओलांडताना ज्या गावाला तुम्ही मागे टाकता, ते एके काळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८६० मध्ये इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला, मुख्यालय सिरोंचा. त्याच काळात इंग्रज अभियंता सर आर्थर कॉटन यांची गोदावरीतून आगबोटी वर आणून वऱ्हाडचा कापूस समुद्राला न्यायची योजना चालली होती. १८७१ मध्ये ती गुंडाळली, १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि आम्हाला चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडलं. तेव्हापासून आम्ही राज्याचं टोक.

आता खरं सांगायचं ते. मागे कामानिमित्त कोलकात्याला होतो, तेव्हा भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात बारापासॉरस बघायला मुद्दाम गेलो. अठरा कोटी वर्षांपूर्वीचा हा डायनासोर आमच्या तालुक्यातल्या पोचमपल्लीच्या शिवारातला. १९५८ ते १९६१ च्या सुमारास संस्थेच्या लोकांनी तिथून तीनशेच्या आसपास हाडं काढली, निदान सहा प्राण्यांची. टागोरांची जन्मशताब्दी होती, म्हणून बारापासॉरस टागोरेई या पूर्ण नावात टागोर आले. कवटी मिळालीच नाही, दात तेवढे मिळाले. मांडीचं हाड माणसाच्या उंचीचं आहे. त्याच्याजवळ उभं राहिलो तेव्हा ऊर भरून आला आणि तिथूनच दादाला फोन लावला.

दादा म्हणाला, "हाडं बघायला कोण येतंय? लोक देवाला येतात, आणि देव पलीकडे आहे."

घराच्या पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात हे मी त्याला कधीपासून सांगतोय, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. कोलकात्यात लोक वाट वाकडी करून आमच्या मातीतली हाडं बघतात आणि आमच्या पोरांना पोचमपल्ली ठाऊक आहे ती गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजमुळे, म्हणजे तेलंगणाच्या बंधाऱ्यामुळे. तो बॅरेज २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या पाण्यावरून नदीकाठचे आमचे शेतकरी अजून भांडतायत, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांबच खचले. गावाची ओळख म्हणून त्याच्यापेक्षा तो प्राणी हजारपट बरा. त्या सांगाड्याची पूर्ण प्रतिकृती सिरोंच्याच्या बसस्टँडजवळ उभी राहिली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

तोवर वडधमला जा. वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे. आडवी पडलेली खोडं दिसतात, सालीच्या रेघासुद्धा स्पष्ट. हात लावला की गार दगड. नंतर सोमनूरला जा. तिथे इंद्रावती गोदावरीला मिळते आणि महाराष्ट्र, तेलंगणा, छत्तीसगड एकाच नजरेत येतात. गावात मराठी चालते, पण बाजारात कानावर तेलुगूच जास्त पडेल, म्हणून आम्हाला "तुम्ही महाराष्ट्रातलेच का?" असं कुणी विचारू नये. जेवणात भात, पप्पू (डाळ) आणि लोणचं. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.

दोन दिवसांचं म्हणाल तर रस्त्यावर अवलंबून आहे. आलापल्लीपासून पुढचे शंभरेक किलोमीटर जंगलातले, तो पट्टा दिवसाउजेडीच पार करा. नाहीतर नागपूरहून रेल्वेने मंचेरियाल आणि तिथून चेन्नूरमार्गे बस किंवा गाडी. पावसाळ्यात मात्र येऊच नका. २०२२ च्या जुलैत तालुक्यातली कितीतरी गावं पाण्यात होती. आणि सोमनूरसारख्या आतल्या भागात निघण्याआधी गावात चौकशी करा, जमल्यास पोलीस ठाण्यातही. हे आधीच सांगायला हवं होतं.

एक मात्र आवर्जून करा. दर्शन पलीकडे घ्या, मुक्काम आणि जेवण अलीकडे. लोक राहिले तरच इथे खोल्या निघतील. दादाला मी दुसऱ्या कशाने पटवून देऊ शकत नाही.