वय झालं म्हणून जुलाब होत नाहीत

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर शेरू 11 वर्षांचा आहे. दीड महिना झाला, पातळ शी थांबत नाही. शी तपासली, जंताचं औषध झालं, खाणं बदलून पाहिलं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. वजन 31 किलोवरून 27 वर आलंय. डॉक्टर सोनोग्राफी करा म्हणतात. सोसायटीतले म्हणतात, वय झालं, दहीभात द्या. या वयात त्याला त्रास द्यावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : द्या, आणि याच आठवड्यात. तीन आठवड्यांवर गेलेले जुलाब आणि घटलेलं 4 किलो वजन हा आजार आहे, म्हातारपण नव्हे. त्रासही फारसा नाही. पोटावरचे केस काढतात, जेल लावतात, उताणं धरतात. भूल सहसा लागत नाही. तुम्ही त्याच्या डोक्याशी उभं राहून बोलत राहा.

सोनोग्राफीत मी सगळ्यात आधी आतड्याची भिंत बघते. तिचे थर पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात. शेरूच्या वजनाला मधल्या लहान आतड्याची भिंत साधारण साडेचार मिलिमीटरपर्यंत असते. ती जाड झाली, पण थर शाबूत असले तर बहुधा सूज. थरच पुसले गेले असतील आणि शेजारच्या लसिकाग्रंथीही वाढल्या असतील, तर कर्करोगाचा संशय बळावतो. मग सोनोग्राफीत बघत बघत सुईने तिथल्या पेशी घेता येतात. यकृत, स्वादुपिंड, अ‍ॅड्रिनल ग्रंथीही दिसतात. जुलाबाचं मूळ कधी तिथेही निघतं.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी शोध थांबवू नका. सूज असूनही भिंत नेहमीसारखी दिसू शकते, काही लिम्फोमाही (लसिकापेशींचे कर्करोग) असेच लपतात. तेव्हा एंडोस्कोपीने, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून, बायॉप्सी (तपासणीसाठी आतड्याचा छोटा तुकडा) घ्यावी लागते. रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), बी12 जीवनसत्त्व आणि कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) याच वेळी तपासून घ्या. अल्ब्युमिन दर डेसिलिटरला 2 ग्रॅमच्या खाली असेल तर अजिबात वेळ घालवू नका.

कळकळीने सांगते, निदानाआधी कुणाच्याही सांगण्यावरून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करू नका. लिम्फोमा त्याने तात्पुरता दबतो, बायॉप्सीत नीट सापडत नाही आणि पुढे केमोथेरपीलाही कमी दाद देतो.

खर्चाची काळजी असेल तर परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. सोनोग्राफीच्या आदल्या रात्री 8 नंतर खाणं बंद, बिस्किटसुद्धा नको. पोटात अन्न आणि वायू असला की आतडं झाकलं जातं. पाणी चालेल. आधीचे सगळे रिपोर्ट सोबत न्या.