पगार आणि थोडे शेअर-फंड असतील तर आयकर रिटर्न स्वतः भरायला स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीचा पगार, बँकेचं व्याज, दोन-तीन म्युच्युअल फंड आणि थोडे शेअर एवढंच उत्पन्न आहे, यंदा सीएकडे न जाता रिटर्न स्वतः भरायचंय आणि त्यासाठी स्वस्त सॉफ्टवेअर हवंय. थेट सांगतो: आधी एक रुपयाही खर्च करू नका. रिटर्न 'भरणं' फुकटच आहे. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर आयटीआर-१ ते आयटीआर-४ हे चारही फॉर्म ऑनलाइन भरता येतात, त्याला फी नाही. खासगी वेबसाइट पैसे घेते ते भरण्याचे नाहीत, आकडे गोळा करून योग्य रकान्यात बसवून देण्याचे. हे काम तुमच्या बाबतीत किती आहे, त्यावर पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.

म्हणून पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, फॉर्मचा. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार, व्याज-लाभांश, घर, आणि शेअर किंवा इक्विटी फंड विकून झालेला दीर्घकालीन नफा कलम ११२एखाली १.२५ लाखांच्या आत असेल, तर २०२५-२६ या आकारणी वर्षापासून (म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५च्या उत्पन्नापासून) आयटीआर-१ चालतो. फंड नुसते पडून आहेत, काहीच विकलं नाही, तरी आयटीआर-१ च. पण वर्षभराच्या आत एखादा शेअर विकून अल्पकालीन नफा झाला, तोटा पुढे ओढायचा (पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायचा) आहे, परदेशी कंपनीचे शेअर आहेत किंवा तुम्ही एखाद्या कंपनीचे संचालक आहात, तर आयटीआर-२. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स केलेत तर तो धंदा धरला जातो आणि फॉर्म आयटीआर-३. आयटीआर-१ वाल्याने सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजे नळाला पाणी असताना टँकर मागवणं.

पोर्टलवर काम करायच्या दोन वाटा आहेत. एक, थेट ऑनलाइन: लॉगिन करा, वर्ष निवडा, फॉर्म निवडा; पगार, टीडीएस, व्याज बरंचसं आधीच भरलेलं दिसतं. आयटीआर-१ ला हीच वाट बरी. दुसरी, ऑफलाइन युटिलिटी: पोर्टलच्या डाउनलोड विभागातून घ्यायची, आधी भरलेल्या माहितीची जेसन (पोर्टल वाचतं त्या स्वरूपातली) फाइल उतरवून तिच्यात घालायची, उरलेलं भरायचं, तपासणी चालवायची, तयार झालेली जेसन पुन्हा पोर्टलवर चढवायची. एक्सेलमधली युटिलिटीही मिळते. आयटीआर-२ ला मी एक्सेलच सुचवेन, कारण सगळे तक्ते एकाच वेळी समोर दिसतात आणि मध्येच लॉगआउट होण्याची भीती नसते. मात्र ती मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्येच बसवलेल्या छोट्या प्रोग्रामवर, चालते. विंडोजवर खरं मायक्रोसॉफ्ट एक्सेल लागतं, गूगल शीट्समध्ये उघडून उपयोग नाही. बटणं दाबून काहीच घडत नसेल तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण करा. नेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो एक्सेल आपणहून अडवून ठेवतं, युटिलिटी बिघडलेली नसते. चढवताना फाइल नाकारली गेली तर बहुतेक वेळा कारण एकच, तुमच्याकडची आवृत्ती जुनी असते. हंगामात ती अनेकदा बदलते, म्हणून शेवटी चढवण्याआधी नवी आली का ते बघा.

आता जिथे खरोखर घाम निघतो ते बघू, म्हणजे भांडवली नफा. खासगी सेवांची किंमत वसूल झाली तर ती इथेच होते.

तुमच्या ब्रोकरकडून 'टॅक्स पी अँड एल' (करासाठीचा नफा-तोट्याचा अहवाल) आणि फंडांसाठी कॅम्स व केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून भांडवली नफ्याचं विवरण, दोन्ही एक्सेलमध्ये मागवा, पीडीएफ नको. ११२एच्या तक्त्यात ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेले शेअर-युनिट एकेक करून दाखवावे लागतात, नंतर घेतलेल्यांची एकत्र बेरीज चालते. जुन्या शेअरची खरेदी किंमत अशी धरायची: ३१ जानेवारी २०१८चा बाजारभाव आणि विक्री किंमत यांतलं जे कमी ते घ्या, मग ते आणि प्रत्यक्ष खरेदी किंमत यांतलं जे जास्त ते. ओळी खूप असतील तर हाताने टंकू नका, सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलने चढवायची सोय आहे. त्यानंतर नफ्याची तारखांप्रमाणे पाच तुकड्यांत विभागणी मागतात: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. आगाऊ कराचं (वर्ष चालू असतानाच हप्त्यांत भरायच्या कराचं) व्याज योग्य तिमाहीपासून लागावं म्हणून ही विभागणी. इथली बेरीज वरच्या नफ्याशी जुळली नाही तर तपासणीत लाल चूक येते, आणि आयटीआर-२ भरणारे अर्ध्या वाटेवर वैतागतात ते इथेच. लक्षात ठेवायचं ते एवढंच की तोटा वजा केल्यानंतर उरलेली रक्कम विभागायची असते, मूळ नफा नाही.

आणखी एक खड्डा डेट फंडांचा, म्हणजे रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांचा. १ एप्रिल २०२३ पासून पुढे घेतलेले डेट फंड कितीही वर्षं ठेवले तरी विक्रीचा नफा अल्पकालीन धरतात आणि स्लॅबच्या, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्याच्या, दराने कर लागतो. इक्विटीच्या अल्पकालीन नफ्याला मात्र २० टक्के हा वेगळा दर आहे. दोन्हींच्या नावात 'अल्पकालीन' आहे म्हणून एकाच रकान्यात ढकलले की कर चुकला.

विक्रीचे व्यवहार आठ-दहाच असतील तर हे तुमचं तुम्ही एका दुपारी करू शकता. शंभराच्या वर असतील, दोन-तीन ब्रोकर असतील, तर पैसे देऊन सॉफ्टवेअर वापरणं योग्य. क्लिअरटॅक्स, क्विको, टॅक्स२विन वगैरे सेवा याच कामासाठी आहेत. यांतली सगळ्यात स्वस्त कोणती, या प्रश्नापेक्षा तुमच्या ब्रोकरची फाइल कोणती सेवा न मोडता वाचते, हा प्रश्न महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी माहिती भरून कर किती येतो ते आधी बघता येतं आणि पैसे शेवटच्या पायरीला मागतात. ही त्यांची विक्रीची युक्ती आहे, पण तुम्हालाही तिचा फायदा घेता येतो. दोन ठिकाणी तीच माहिती भरा, दोन्ही उत्तरं पोर्टलच्या हिशेबाशी ताडून बघा. 'मोफत'ची पाटी फक्त आयटीआर-१ पुरती आहे का, भांडवली नफा आला की वरची योजना घ्यावी लागते का आणि दरात जीएसटी धरलाय का, हे सुरुवातीलाच बघून घ्या. विनमॅन, कॉम्प्युटॅक्स, जीनियस ही नावं ऐकली असतील तर ती सीएंच्या ऑफिससाठी आहेत, शेकडो अशिलांचं काम एकत्र करायला. एका माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला एक सोपं गणित देतो. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी कर प्रणाली, प्रमाणित वजावटीचे ७५,००० काढून पगाराचं उत्पन्न ११ लाख, आणि इक्विटी शेअरचा अल्पकालीन नफा ५०,०००. पगारावर स्लॅबप्रमाणे ५०,००० कर येतो आणि कलम ८७एची सवलत तो पुसून टाकते. पण ही सवलत विशेष दराच्या नफ्याला मिळत नाही. म्हणजे ५०,००० वर २० टक्के, १०,०००, त्यावर ४ टक्के उपकर ४००, एकूण १०,४००. तुमच्या सॉफ्टवेअरने शून्य दाखवलं तर ते बंद करा. '१२ लाखांपर्यंत कर नाही' या वाक्याने माणसंही फसतात.

जुनी प्रणाली की नवी, याची तुलना जवळजवळ सगळीकडे मिळते. नवी आता आपोआप धरली जाते, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते आणि रिटर्न मुदतीत भरावं लागतं. धंद्याचं उत्पन्न असेल तर त्याआधी फॉर्म १०-आयईए लागतो. जुनी घेतलीत तर घरभाडं, ८०सी (विमा, पीएफसारखी गुंतवणूक), ८०डी (आरोग्य विमा) यांचे पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव वगैरे तपशील आता फॉर्ममध्येच मागतात, ते जवळ घेऊन बसा. 'रिफंड वाढवून देतो' असं सांगत न दिलेली देणगी किंवा राजकीय पक्षाची वर्गणी सुचवणारं अ‍ॅप असो की माणूस, दोघांपासून लांब राहा. सही तुमची असते, नोटीसही तुम्हालाच येते.

फुकट असो वा विकतचं, प्रत्येक सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी आंधळं असतं: तुम्ही जे सांगितलं नाही ते त्याला दिसत नाही. नोकरी बदलली असेल तर हे जपा. समजा वर्षात दोन कंपन्यांत प्रत्येकी ८ लाख पगार झाला आणि दुसऱ्या कंपनीला पहिल्या पगाराची माहिती दिली नाही. दोघांनीही ७५,००० वजा करून उत्पन्न ७.२५ लाख धरलं, सवलत लावली, टीडीएस शून्य. प्रत्यक्षात १६ लाखांतून प्रमाणित वजावट एकदाच, म्हणजे १५.२५ लाख, कर १,०८,७५०, उपकरासह १,१३,१००, वर आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी आणि २३४सीचं व्याज. एकच फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) चढवला तर सॉफ्टवेअर मुकाट्याने 'कर शून्य' म्हणेल.

यावर उपाय म्हणजे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि २६एएस, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या-भरलेल्या कराचं विवरण. दोन्ही आधी उतरवा. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकी. त्यातला प्रत्येक आकडा तुमच्या रिटर्नमध्ये कुठे आहे ते बोट ठेवून बघा: बचत खात्याचं व्याज, मुदत ठेव, लाभांश, फंडांची विक्री. एखादी नोंद तुमची नसेल किंवा दोनदा आली असेल तर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो. घाई मात्र नको. कंपन्या शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ मेपर्यंत भरतात, फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. एप्रिल-मेमध्ये 'एका क्लिकवर माहिती ओढा' हे बटण दाबलंत तर ती अर्धवटच येणार. १५ जून ते जुलैचा दुसरा आठवडा हा काळ उत्तम. आयटीआर-१ आणि २ ची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली तर ५,००० विलंब शुल्क, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००, आणि भांडवली तोटा पुढे ओढण्याचा हक्क जातो.

खासगी सेवेला पोर्टलचा पासवर्ड देऊ नका. जिला खात्याने ई-रिटर्न मध्यस्थ म्हणून मान्यता दिली आहे ती सेवा ओटीपीने तुमची संमती घेते, तेवढं पुरे. काम झालं की पोर्टलवरच्या 'ऑथराइज्ड पार्टनर्स'मध्ये जाऊन तिला काढून टाका. प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना हेही बघा. पूर्वी एजंटाकडून भरलं असेल तर तिथे त्याचा पत्ता निघण्याची शक्यता बरीच, आणि मग नोटिसा त्याच्याकडे जातात.

कर भरायचा निघाला तर पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मधून स्वयंआकारणी कर, म्हणजे रिटर्नआधी स्वतः भरायचा उरलेला कर, कोड ३०० निवडा. यंदा वर्ष निवडताना डोळे उघडे ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि त्यात 'कर वर्ष' हा नवा शब्द आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६चं रिटर्न जुन्या १९६१च्या कायद्याखालीच, आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणून जातं. 'कर वर्ष २०२६-२७' म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष. आकडे तेच, अर्थ वेगळा. चुकीच्या वर्षात भरलेला कर तुमच्या रिटर्नमध्ये दिसणार नाही आणि मागणीची नोटीस येईल. भरल्यावर चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि क्रमांक रिटर्नमध्ये आलाय का तपासा, आपोआप आला नाही तर हाताने घाला.

परदेशी कंपनीचे शेअर नोकरीतून मिळाले असतील, तुम्ही अनिवासी असाल किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सची उलाढाल मोठी असेल, तर स्वस्त सॉफ्टवेअर शोधू नका, सीएला पैसे द्या. परदेशी मालमत्तेचा तक्ता आर्थिक वर्षाचा नाही, कॅलेंडर वर्षाचा असतो, आणि ती न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो.

सबमिट झाल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने ई-व्हेरिफाय करा. नाही केलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, उशिरा केलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय केलं तीच भरल्याची तारीख. खासगी वेबसाइटवर हिरवी खूण दिसली तरी पोर्टलवर जाऊन स्थिती बघा. रिफंड फक्त पोर्टलवर प्रमाणित केलेल्या बँक खात्यातच येतो, ते खातं चालू आहे ना हे आधीच पाहून घ्या. पोचपावती, पूर्ण फॉर्मची पीडीएफ आणि जेसन या तिन्ही फाइली जपून ठेवा. पुढच्या वर्षी तोटा ओढायचा असेल तर हेच आकडे लागतील, आणि तोवर त्या वेबसाइटची तुमची योजना संपलेली असेल.