वकिलीची वाट : शिकागोहून आलेलं ग्रीक अक्षरांचं आमंत्रण

प्रश्न : ताई, माझी नात शिकागोत कायद्याचं शिक्षण घेते आहे. तिला ‘फाय अल्फा डेल्टा’ नावाच्या संघटनेचं सभासद होण्याचं आमंत्रण आलं आहे. वर्गणी डॉलरमध्ये, वर शपथविधीही असतो म्हणे. मी साखर कारखान्यात हिशेबनीस होतो, मला यातलं काही कळत नाही. पण अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा ग्रीक नावांच्या मंडळांमध्ये नव्या पोरांचा छळ होतो, पोरं दगावतातही, असं वाचलंय. तिने यात पडावं का?
— एक आजोबा, कराड

उत्तर : काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते बहुतेक वेगळ्या मंडळांबद्दल. पदवीच्या कॉलेजांत एकत्र राहण्यासाठी, मौजमजेसाठी जी ग्रीक नावांची मंडळं असतात, छळाच्या बातम्या मुख्यतः त्यांच्या. आपल्याकडे १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, तसे तिथल्या राज्यांनीही केले आहेत. तुमच्या नातीला बोलावणारी संघटना कायद्याच्या विद्यार्थ्यांची आणि वकिलांची आहे. तिचा जन्म कसा झाला ते सांगते, म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गोष्ट तुमच्या नातीच्याच गावची. ४ नोव्हेंबर १८९७ रोजी इलिनॉय राज्याच्या (शिकागो याच राज्यात येतं) सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्याचे, नियम बदलले. तोवर दोन वर्षं कायदा शिकलं की भागायचं, आता तीन वर्षं लागणार होती. कॉलेजची पदवी दाखवून थेट सनद मिळायची तीही सोय बंद झाली, सगळ्यांना परीक्षा मंडळासमोर बसणं भाग पडलं. नियम वाईट नव्हता. पण जे आधीच शिकत होते, दोन वर्षांच्या हिशेबाने ज्यांनी पैशांची जुळवाजुळव केली होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. दिवसा कुठल्या तरी कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी कायद्याचा वर्ग, असं शिकणारी पुष्कळ पोरं शिकागोत होती. त्यांच्यासाठी एक वर्ष म्हणजे काय, हे तुमच्यासारख्या हिशेबनिसाला मी सांगायला नको.

मग वेगवेगळ्या कॉलेजांतले विद्यार्थी एकत्र आले. ‘आम्ही नियमाच्या आधीपासून शिकतोय, आम्हाला जुनाच नियम लावा’ एवढीच त्यांची मागणी. विधिमंडळाने १८९९ साली तसा कायदाही केला. आणि त्याच वर्षी न्यायालयाने तो रद्द केला! डे नावाच्या एका उमेदवाराच्या अर्जावर न्यायाधीश म्हणाले की वकील म्हणून कोणाला उभं राहू द्यायचं हे न्यायालयाने ठरवायचं, विधिमंडळाने नव्हे. एका तारखेआधी अभ्यास सुरू केला म्हणून कोणाला खास सवलत देणंही त्यांना मान्य झालं नाही. हा निकाल आजही अभ्यासला जातो. मला तो तर्कात पटतो, पण त्या पोरांची बाजू वाचली की जीव हळहळतो.

या धावपळीत ज्यांची ओळख झाली त्यांनी ‘लॅम्डा एप्सिलॉन’ नावाचं मंडळ काढलं. ते फार टिकलं नाही. जुलै १९०२ मध्ये त्यातली काही मंडळी मिशिगन सरोवरापलीकडच्या साउथ हेवन या गावी जमली, जुनं मोडून नवं उभं करायचं ठरलं, आणि ८ नोव्हेंबर १९०२ रोजी शिकागोत फाय अल्फा डेल्टाची स्थापना झाली. पहिली शाखा, म्हणजे चॅप्टर, शिकागो-केंट कॉलेजात निघाली. तिला इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांचं नाव दिलं. पुढे देशभर शाखा झाल्या.

म्हणजे हा कुठला गूढ पंथ नाही, अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांचा हात धरला त्यातून झालेली संघटना आहे. शपथविधीचं म्हणाल, तर सनद घेताना आम्हीही शपथ घेतोच.

पण सगळंच गोड सांगून तुमची समजूत काढणार नाही. तुमची नात १९६९ साली तिथे शिकत असती तर तिला हे आमंत्रण आलंच नसतं. ही संघटना फक्त पुरुषांची होती, बायकांना दार उघडलं ते १९७० साली. आणि हे शिकागोत, जिथे मायरा ब्रॅडवेल राहत होत्या! ‘शिकागो लीगल न्यूज’ हे वकिलांचं साप्ताहिक त्या चालवत, राज्यातले वकील ते वाचत. १८६९ साली त्यांनी सनद मागितली तर न्यायालयाने बाई म्हणून नाकारली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८७३ मध्ये तेच उचलून धरलं. इलिनॉयच्या न्यायालयाने त्यांना सनद दिली ती १८९० साली, आपण होऊन.

बायका मात्र दार उघडायची वाट बघत बसल्या नाहीत. १९०८ साली त्याच शिकागो-केंट कॉलेजात दहा जणींनी ‘कॅपा बीटा पाय’ काढली, कायद्याच्या विद्यार्थिनींची पहिली संघटना. १९११ मध्ये लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पाच जणींनी ‘फाय डेल्टा डेल्टा’ सुरू केली. त्या पाचांतल्या जॉर्जिया बुलक १९३१ साली कॅलिफोर्नियाच्या सुपिरियर कोर्टातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. ही फाय डेल्टा डेल्टा १९७२ मध्ये फाय अल्फा डेल्टातच विलीन झाली. तुमची नात सभासद झाली तर त्या पाच जणींचा वारसाही तिच्याकडे येतो. आमंत्रणाच्या पत्रात हे लिहिलेलं असो वा नसो, तिला हे जरूर सांगा.

आता व्यवहाराचं. सनदेच्या परीक्षेला या सभासदत्वाची गरज नसते, तेव्हा ‘नाही घेतलं तर मागे पडेन’ अशी भीती नको. पैसे भरण्याआधी तिने कॉलेजच्या विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारावं : शाखा नोंदलेली आहे का, या वर्षी पदाधिकारी कोण, गेल्या वर्षी काय काय केलं. अभिरूप न्यायालयाचे, म्हणजे लुटुपुटीचे खटले चालवण्याचे, सराव, वकिलांशी भेटीगाठी, वरच्या वर्गातल्यांची मदत असं काही दिसलं तर खुशाल जावं. नुसत्या मेजवान्यांचे फोटो दिसले तर डॉलर पुस्तकांना राखून ठेवावेत. सगळं त्या एका शाखेवर असतं, वरच्या नावावर नाही.

प्रश्न : मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या कायद्याच्या संघटनांच्या शाखांना माणसांची नावं का असतात? आणि काही ठिकाणी शाखेला ‘इन’ म्हणतात, ते कुठून आलं?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ‘इन’ म्हणणारी संघटना ‘फाय डेल्टा फाय’, या सगळ्यांत थोरली. १३ डिसेंबर १८६९ रोजी ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात ती निघाली. पहिल्या शाखेला न्यूयॉर्कचे चॅन्सलर, म्हणजे तिथले एक वरिष्ठ न्यायाधीश, जेम्स केंट यांचं नाव दिलं, कारण अमेरिकेच्या कायद्यावरचे त्यांचे चार खंड तेव्हाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात असत. मग कोलंबिया विद्यापीठातली शाखा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टोरी यांच्या नावाने, अशी रांग लागली. गंमत बघ, स्टोरी शिकवायचे हार्वर्डला! ‘डेल्टा थीटा फाय’ ही तीन जुन्या संघटना १९१३ मध्ये एकत्र येऊन झालेली, ते शाखेला ‘सिनेट’ म्हणतात.

‘इन’ आलं लंडनहून. तिथल्या चार ‘इन्स ऑफ कोर्ट’मधून बॅरिस्टर होतात. नुसती परीक्षा पुरत नसे, त्या सभागृहात ठरावीक वेळा बाकीच्यांबरोबर जेवावं लागायचं. धंद्याच्या रीती पंगतीत बसून शिकायच्या, अशी कल्पना. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली ज्या ग्रेज इनमध्ये नाव घातलं, ते या चारांतलंच एक.

तू नाशिकची, म्हणून आणखी एक सांगते. कॉर्नेलिया सोराबजी तुझ्याच गावी १८६६ साली जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, ती देणारी पहिली बाई. तरी बॅरिस्टरीचं दार बंदच. इंग्लंडमध्ये १९१९ चा कायदा झाल्यावर ते उघडलं. १९२३ साली मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरल्या. तुमच्या कॉलेजच्या अभिरूप न्यायालयाला अजून कोणाचं नाव नसेल, तर सोराबजींचं सुचव. अर्ज प्राचार्यांच्या नावे, खाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या.

प्रश्न : आमच्या घरात वकील कोणी नाही. सीनियर चांगले आहेत, पण शिकवायला त्यांना वेळ नसतो. ज्यांचे वडील-काका वकील आहेत ते भराभर पुढे जातात. अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या असतात तशी संघटना आपल्याकडे का नाही?
— एक ज्युनियर वकील, लातूर

उत्तर : आपल्याकडे बार असोसिएशन आहेत, आणि कामाच्या आहेत. पण त्या सनद मिळाल्यानंतरच्या. शिकतानाच वरच्या वर्गातल्याने खालच्याला धरून ठेवायचं, हे आपल्याकडे नशिबावर सोडलेलं असतं. पहिल्या पिढीच्या वकिलाला कायदा येत नाही असं नसतं. पुरशिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) कधी द्यायची, रोजनाम्यात (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) काय आलंय ते कुठे बघायचं, मुदत मागताना कोर्टाशी कसं बोलायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. वकिलाच्या घरात ते जेवताना कानावर पडतं. मीही बिनवकिली घरातून आले, त्यामुळे तुम्ही लिहिलंत ते मला स्वानुभवाने कळतं.

तुम्हाला ग्रीक अक्षरं नकोत, बॅनर नको. तुमच्यासारखे चौघे पाच जण गाठा, त्यात निदान दोन मुली असू द्यात. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा, काम संपल्यावर बाररूममध्येच. प्रत्येकाने आपल्या सीनियरच्या एका निकाल लागलेल्या प्रकरणातली दाव्याची आणि कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, प्रत आणायची, अर्थात सीनियरला विचारून आणि पक्षकारांची नावं झाकून. एकाने वादीचं बोलायचं, दुसऱ्याने प्रतिवादीचं, तिसऱ्याने निकाल द्यायचा. मग खरा निकाल काढून वाचायचा. जामिनाच्या अर्जापासून सुरुवात केलीत तर बरं, तो सगळ्यांनाच पहिल्या वर्षात करावा लागतो. बाररूमची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दार बंद करून ते घरी जातील.