सोलर चार्ज कंट्रोलरच्या लोडला मीटरवर 12 व्होल्ट दिसतात, पण बल्ब पेटत नाही. कंट्रोलर गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राधानगरीकडं रानात 100 वॅटचं पॅनल, 12 व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि 10 अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम (वीज चालू-बंद करत चार्जिंग आवरणारा) कंट्रोलर आहे. चार्जिंग होतंय, दुपारी स्क्रीनवर बॅटरी 12.7 दिसली. लोडच्या, म्हणजे बल्ब-मशीनकडं जाणाऱ्या, वायरा काढून टर्मिनलवर मीटर लावला तर 12 च्या आसपास आले. तरी बल्बही बंद आणि कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीनही बंद. गवे उसात शिरतात म्हणून घाई आहे.

गफलत 'वायरा काढून' या दोन शब्दांत आहे. मीटर विजेचा नुसता वास घेतो, खात काहीच नाही. कंट्रोलरच्या आतला स्विच बंद असला तरी त्यातून एवढीशी वीज पाझरते आणि तेवढ्यावर मीटर खुशाल 12 दाखवतो. त्यामुळं रिकाम्या टर्मिनलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बॅटरी-इन्व्हर्टरची कामं करतो. माझ्या टेबलावर मोटरसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब कायम असतो, दोन वायरा डागून टोकाला चिमटे लावलेला. हा बल्ब पाऊण-एक अँपिअर खातो. तो लोडला लावा आणि लावलेला असतानाच मीटर बघा. 12 चा आकडा धाडकन 0.3 वर आला तर मगाचे 12 खोटे होते.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथं बरेच वायरमनही फसतात. तुमच्यासारख्या साध्या कंट्रोलरमध्ये बॅटरी, पॅनल आणि लोड यांचे प्लस बहुधा आतून सरळ एकमेकांना जोडलेले असतात. स्विच असतो तो निगेटिव्हमध्ये. म्हणजे मीटरची लाल पिन लोडच्या प्लसला आणि काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर कंट्रोलर जळून कोळसा झाला असला तरी पूर्ण व्होल्टेज दिसणार. मोजायचं ते लोडच्या प्लस आणि लोडच्याच निगेटिव्हमध्ये.

तोच इंडिकेटरचा बल्ब लोडचा प्लस आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात धरा. पेटला, पण लोडच्या दोन टर्मिनलमध्ये धरला की पेटत नाही, तर दुखणं निगेटिव्हच्या स्विचपाशी आलं. मग दोनच शक्यता उरतात: कंट्रोलरनं तो मुद्दाम बंद ठेवलाय किंवा तो मेलाय. स्क्रीनवर लोडचं, म्हणजे बल्बचं, चिन्ह असतं. ते चालू दाखवत असेल आणि तरी वीज येत नसेल तर भाग गेला. चिन्हच बंद असेल तर कंट्रोलरला दोष देण्याआधी तो का अडून बसलाय ते बघा.

मला तुमच्या प्रश्नातला 12.7 चा आकडा खटकतोय. भर दुपारी चार्जिंग चालू असताना धडधाकट बॅटरी 13 च्या वर असायला हवी, भरत आली की 14.4 पर्यंत. चार्ज होत असताना 12.7 म्हणजे ती अजून बरीच रिकामी आहे. रात्री बॅटरी 11 च्या आसपास आली की कंट्रोलर लोड तोडतो, आणि परत जोडतो तो 11.1 ला नव्हे, 12.6 च्या आसपास. बटण दाबता दाबता कुणी सेटिंग हलवलं असेल तर 13 च्याही वर, मग तुमचे 12.7 पुरत नाहीत. जुलैत आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, पॅनल आपल्या ताकदीच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येतं. मग बॅटरी त्या आकड्याला पोचतच नाही आणि लोड दिवसेंदिवस बंद राहतो. कंट्रोलर त्याचं काम चोख करत असतो. पावसाळ्यात माझ्याकडं 'बिघडला' म्हणून येणारे कितीतरी कंट्रोलर भरलेल्या बॅटरीला लावले की लगेच चालू होतात.

दुसरं म्हणजे मोड. संध्याकाळी लोड चालू आणि उजाडलं की बंद, असा मोड असेल तर दुपारी तपासून उपयोग नाही. पॅनलवर पोतं टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. लोड चालू झाला तर प्रश्न मिटला. नाहीतर 24 तासांचा मोड लावून बघा. पॅनलची वायर काढलीत तरी चालेल, पण पॅनल जोडलेलं असताना बॅटरी कधीही काढू नका. 12 व्होल्टचं म्हणतात त्या पॅनलचा उघडा व्होल्टेज 21-22 असतो. मध्ये बॅटरी नसली की तो कंट्रोलरवर आणि पुढं तुमच्या बल्बवर चालून येतो. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी.

लोड लागतो आणि लगेच जातो, परत लागतो, असं होत असेल तर वायर बघा. कंट्रोलरला बॅटरी दिसते ती स्वतःच्या टर्मिनलवर. बॅटरी दहा मीटर लांब आणि वायर घरातली 1 स्क्वेअर एमएमची असेल, तर जाऊन-येऊन वीस मीटर होतात. 5 अँपिअर ओढले की जवळपास 2 व्होल्ट वायरीतच मुरतात. बॅटरीत 12.4 असले तरी कंट्रोलरला साडेदहा दिसतात. लोड चालू असताना एकदा बॅटरीच्या खुंटीवर आणि एकदा कंट्रोलरवर मोजा. फरक 0.2 च्या पुढं नको. खुंटीवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर गरम पाण्यानं धुऊन, घासून लग आवळा.

हे सगळं बघूनही चिन्ह चालू आणि लोड मेलेला, तर आतला मॉस्फेट, म्हणजे तोच निगेटिव्हमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, किंवा त्याला इशारा देणारा भाग गेला. बहुधा कुणीतरी लोडला छोटा इन्व्हर्टर लावलेला असतो. 300 वॅटचा इन्व्हर्टर 25 अँपिअरच्या वर ओढतो, त्या 10 अँपिअरच्या बिचाऱ्यानं काय करायचं? इन्व्हर्टर नेहमी फ्यूज घालून थेट बॅटरीवर. वळवाच्या विजांनीही जातो. एकदा तर उघडलेल्या कंट्रोलरमध्ये पाल चिकटून वाळलेली निघाली होती. मॉस्फेट बदलता येतो, माझ्या हाताखालून गेलेल्यांत आयआरएफ 3205 नंबरचा सापडतो. पण डागकामाचा हात नसेल तर या स्वस्त कंट्रोलरच्या मागं लागू नका. चार्जिंगचा मॉस्फेट वेगळा असतो, तो ठीक असेल तर कंट्रोलर फक्त चार्जिंगला ठेवा आणि लोड बॅटरीवरून घ्या, मध्ये फ्यूज आणि कमी व्होल्टेजला तोडणारा वेगळा मॉड्यूल टाकून.

तो मॉड्यूल टाळू नका. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं रान आहे. तिथं मी एक वायर वाचवायला बल्बची निगेटिव्ह सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली होती. म्हटलं, निगेटिव्ह ती निगेटिव्हच. म्हणजे कंट्रोलरचा स्विचच मी वगळला. पावसात चार दिवस बल्ब जळत राहिला, पाचव्या दिवशी बॅटरीवर 9 व्होल्ट. नंतर किती चार्ज केली तरी तिनं कधी धरलं नाही, भंगारात गेली. चूक माझीच, आणि धंदा हाच.

आज रात्रीपुरतं असं करा: झटका मशीनच्या वायरा लोडवरून काढा आणि बॅटरीच्या प्लसजवळ 5 अँपिअरचा फ्यूज घालून थेट बॅटरीला लावा. मशीन फार खात नाही, बॅटरी विश्रांतीत 12 च्या वर असेल तर रात्र निघेल. बल्ब लावू नका. सकाळी पॅनलवर ऊन यायच्या आधी बॅटरी मोजा आणि तो आकडा, बल्ब लावून मोजलेला लोडचा आकडा आणि चिन्ह चालू की बंद, एवढं इथं कळवा.