लिनक्सवरून बँकेचे व्यवहार

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आहे. त्यावरून नेटबँकिंग आणि शेअरचे व्यवहार करावेत का? अँटिव्हायरस लागेल का?

उत्तर : जरूर करा. बहुतेक मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) विंडोजसाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे घरगुती वापराला अँटिव्हायरसची फारशी गरज पडत नाही. पण बँकेच्या नावाची खोटी साइट लिनक्सवरही तितकीच बेमालूम उघडते! पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्क वापरा. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये बँकेसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात एकही एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) ठेवू नका. पानावरचा मजकूर वाचण्याची परवानगी असलेल्या एक्स्टेंशनला तुमची शिल्लकही दिसते. अपडेट वेळच्या वेळी घ्या. उबंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीला 5 वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात.

अडचण येते ती ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तेव्हा. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं). विंडोजमधून उबंटूत आलात की इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत घड्याळ काही तास चुकतं. मग लॅपटॉपवरच्या ऑथेंटिकेटरचा (लॉगिनसाठी एकदाच चालणारा कोड देणाऱ्या अ‍ॅपचा) कोड बँक नाकारते, कारण तो दर 30 सेकंदांनी घड्याळावरूनच बनतो. सेटिंग्जमध्ये ‘स्वयंचलित तारीख व वेळ’ चालू आहे ना, ते पाहा.

ब्रोकरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असेल, तर वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवण्याचा खटाटोप नको. ऐन सौद्यात ते बंद पडलं तर ब्रोकरही हात वर करेल. त्यापेक्षा त्यांची वेब आवृत्ती वापरा.